विदर्भाचा रणजी करंडक : आपल्या घरांनी पाहायचा राहून गेलेला विजय

१ जानेवारी २०१८ हा दिवस आपल्यापैकी कोणी विसरला असेल असे मला वाटत नाही. कोरेगावच्या लढाईला त्या दिवशी २०० वर्षे पूर्ण झाली. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यावस्त्यांतून गाड्या भरून माणसे विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेली होती. आमच्या घरातून धाकटी बहीण, जावई आणि त्यांची दोन लेकरे गेली होती. दुपारनंतर दगडफेकीच्या, गाड्या जाळल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि इकडून फोन लागेना. आई फोनपाशी बसून राहिली. रात्री उशिरा बहिणीचा आवाज आला, "दादा, आम्ही सारे बरे आहोत," तेव्हा कुठे घरात स्वयंपाक झाला.

त्याच दिवशी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाच्या क्रिकेट संघाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले आणि रणजी करंडक जिंकला. विदर्भाने हा करंडक त्याआधी एकदाही जिंकला नव्हता. त्या संघात अकोल्याचा एक एकोणीस वर्षांचा पोरगा होता. पण आपल्या वस्तीत त्या दिवशी करंडकाचे कोणाला काय? ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. मग धरपकड, मोर्चे, पोरांच्या जामिनासाठी कोर्टाचे खेटे. जो विजय पेढे वाटून सांगायचा, तो आपल्या घरांत शिरलाच नाही.

आज इतक्या वर्षांनी तो सांगायला बसलो याचे कारण असे की आपल्या पोरांना तो माहीत नाही. विहारातल्या आमच्या अभ्यासिकेत मी मध्यंतरी विचारले, "विदर्भाने रणजी करंडक पहिल्यांदा कधी जिंकला?" वीसेक पोरे होती. तिघांनी हात वर केले, त्यातल्या एकाने आयपीएलचे सांगितले! तेव्हा ठरवले की हा हंगाम एकदा पहिल्यापासून लिहून काढायचा.

ज्यांना क्रिकेट म्हणजे टीव्हीवरची चार तासांची धुमाळी एवढेच ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रणजी स्पर्धा १९३४ पासून चालू आहे. निरनिराळ्या राज्यांचे आणि विभागांचे संघ तीत खेळतात. एकेक सामना चार दिवसांचा असतो, आणि पुढच्या फेऱ्यांचा पाच दिवसांचा. आधी साखळी सामने, त्यातून वर आलेल्यांची मग बाद फेरी, म्हणजे हरला तो घरी. यात एका दिवसाच्या चमकण्याला किंमत नाही. आज शतक मारले आणि उद्या झेल सोडला, तर परवा हिशेब चुकता होतो. मी बी.कॉम. झालेला, खातेवही सांभाळणारा माणूस. मला म्हणूनच हा लांबलचक खेळ आवडतो. यात रोजकीर्द रोजच लिहावी लागते.

या स्पर्धेत सुरुवातीला आपल्या भागाचा संघ 'सी. पी. ॲण्ड बेरार' या नावाने खेळत असे. बेरार म्हणजे आपले वऱ्हाड. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू हे नागपूरचेच. पुढे राज्यांची फेररचना झाली आणि १९५७-५८ च्या हंगामात 'विदर्भ' या नावाचा संघ पहिल्यांदा रणजीत उतरला. दीक्षाभूमीवरच्या त्या अशोक विजयादशमीला तेव्हा नुकतेच वर्ष झाले होते. तेव्हापासून साठ वर्षे हा संघ खेळत राहिला आणि बहुतेक वेळा हरत राहिला. कित्येक हंगाम खालच्या, प्लेट गटात गेले. तोवर मुंबईने हा करंडक एकूण ४१ वेळा उचलला होता. विदर्भाशी सामना म्हणजे गुण मिळालेच, अशी मोठ्या संघांची समजूत होती. आपल्याकडच्या लोकांनाही त्याचे काही वाटेनासे झाले होते. अमरावतीचे नाव होते ते हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे. मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन कबड्डी दाखवली होती. क्रिकेटसाठी आपले जिल्हे कोणी ओळखत नव्हते.

२०१७ च्या ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला तेव्हा विदर्भाच्या गटात पंजाब आणि बंगाल हे दोन बडे संघ होते. शिवाय हिमाचल प्रदेश, गोवा, छत्तीसगड आणि सेनादल. सहा सामने झाले, विदर्भ एकही हरला नाही आणि गटात पहिला आला. कर्णधार होता नागपूरचा फैज फझल. डावाची सुरुवात करणारा, पाय रोवून उभा राहणारा डावखुरा फलंदाज. साऱ्या हंगामात त्याने ९१२ धावा केल्या. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित त्याच वर्षी मुंबईहून आले होते. शिस्तीला कडक माणूस. आणि संघात वसीम जाफर होता, मुंबईच्या एका बसचालकाचा मुलगा, भारताकडून कसोटी खेळलेला, चाळिशीला टेकलेला. अशा माणसाला लोक म्हणतात, आता घरी बस. तो नागपुरात येऊन विशीतल्या पोरांबरोबर सराव करत होता. एखाद्या कार्यालयात निवृत्तीला आलेला बडा बाबू नव्या भरतीच्या पोरांना फाईल कशी लावायची ते स्वतः लावून दाखवतो ना, तसा.

उपांत्यपूर्व सामना सुरतेला झाला. केरळचा ४१२ धावांनी धुव्वा उडाला. त्यात सांगण्यासारखे एवढेच की विदर्भ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला. खरी गोष्ट कोलकात्याची आहे.

ईडन गार्डन्सवर समोर कर्नाटक. भारताकडून खेळलेले चार-पाच जण त्या एका संघात. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने ३०१ केल्या, एकट्या करुण नायरने १५३. म्हणजे ११६ धावांचे कर्ज डोक्यावर. अशा वेळी पूर्वीचा विदर्भ कोलमडला असता. पण दुसऱ्या डावात ३१३ धावा निघाल्या. त्यात ८१ धावा होत्या गणेश सतीशच्या, आणि हा गणेश मूळचा कर्नाटकाचाच खेळाडू! कर्नाटकाला जिंकायला १९८ हव्या होत्या. चौथ्या दिवसअखेर त्यांचे ७ गडी बाद झाले होते आणि धावा १११.

२१ डिसेंबर २०१७, गुरुवार. मी बडनेऱ्याहून अकोल्याला अप-डाऊन करतो. सकाळच्या गाडीत आमचा ठरलेला कंपू असतो. त्यात पोस्टातले, बँकेतले, शाळेतले, सारे. त्या दिवशी पत्ते बाहेर निघालेच नाहीत. एका पोराच्या मोबाईलवर धावफलक चालू होता आणि आठ माणसे त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. कर्नाटकाचा कर्णधार विनय कुमार बाद झाला तेव्हा डब्यात आरडाओरडा झाला. पण मग मिथुनने फटके मारायला सुरुवात केली. तो गोलंदाज, पण त्याने ३३ धावा केल्या. तिकडे श्रेयस गोपाल एक बाजू धरून उभाच. वीस धावा राहिल्या, पंधरा राहिल्या, दहा राहिल्या. मूर्तिजापूर सुटले की मध्ये रेंज जाते, ती नेमकी तेव्हाच गेली. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "गेलं बाप्पा हातचं! आपल्या नशिबी नेहमी असंच." मला त्यांचा राग आला. खरे सांगतो, मनात मीही तेच म्हणत होतो.

रेंज आली तेव्हा कर्नाटक १९२ वर सर्वबाद झाले होते. विदर्भ ५ धावांनी जिंकला! पाच धावा म्हणजे किती? एक चौकार आणि वर एक धाव. पाच दिवसांत दोन्ही संघांचे मिळून चाळीस गडी बाद झाले, हजाराला थोड्या कमी धावा निघाल्या, आणि फरक पडला पाचाचा. कुठल्या तरी पोराने कधी तरी सीमारेषेवर गुडघे सोलून अडवलेला एक चौकार त्या पाचांत आहे. धावफलकावर त्याचे नाव नसते.

त्या सकाळी उरलेले तिन्ही गडी एकाच गोलंदाजाने घेतले. रजनीश गुरबानी. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला हा पोरगा. त्या सामन्यात त्याने पहिल्या डावात पाच आणि दुसऱ्यात सात असे १२ बळी घेतले. आपल्याकडे आईबापांना वाटते की पोरगा एक तर शिकेल नाही तर खेळेल. गुरबानीने दोन्ही केले.

अंतिम सामना २९ डिसेंबरला इंदूरला सुरू झाला. दिल्लीकडे गौतम गंभीर आणि कर्णधार ऋषभ पंत. आणि विदर्भाचा सर्वांत मोठा गोलंदाज उमेश यादव संघात नाही, कारण भारतीय संघाबरोबर तो दक्षिण आफ्रिकेला गेलेला. उपांत्य सामन्यात पहिल्या डावातले चार बळी त्याचे होते. त्याच्या जागी कोणाला घ्यावे? पंडित आणि फझल यांनी घेतला आदित्य ठाकरे. (नाव वाचून मुंबईचे पुढारी आठवू नका, हा आमचा अकोल्याचा ठाकरे!) वय १९. त्याआधी रणजीचा एकही सामना खेळलेला नाही. माणसाचा पहिला सामना आणि तोच रणजीचा अंतिम सामना, समोर गंभीर आणि पंत. त्याने पहिल्या डावात दोन बळी घेतले. लगेच पुढच्या महिन्यात १९ वर्षांखालच्या विश्वचषकासाठी न्यूझीलंडला राखीव गोलंदाज म्हणून त्याला बोलावणे आले.

दिल्लीच्या ध्रुव शोरीने १४५ धावा काढून डाव धरून ठेवला होता. मग गुरबानी आला. दोन षटकांत मिळून सलग तीन चेंडू, आणि तीनही वेळा यष्ट्या उडाल्या. विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि शेवटी खुद्द शोरी. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी अशी हॅट्ट्रिक एकदाच झाली होती, १९७२-७३ साली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. दिल्ली २९५ वर बाद, गुरबानीचे सहा बळी. हंगामात त्याचे एकूण बळी झाले ३९.

विदर्भाच्या फलंदाजीत पुन्हा तीच चिकाटी. जाफर ७८, फझल ६७. सहा गडी गेल्यावर यष्टिरक्षक अक्षय वाडकर उभा राहिला. हा त्याचा पहिलाच रणजी हंगाम. त्याने १३३ धावा केल्या. रणजीच्या अंतिम सामन्यात विदर्भाच्या फलंदाजाचे ते पहिले शतक. खाली आदित्य सरवटे ७९, सिद्धेश नेरळ ७४. हे दोघे गोलंदाज, पण त्यांनीही दिल्लीला घाम फोडला. एकूण ५४७. दुसऱ्या डावात दिल्ली २८० वर बाद झाली, ऑफस्पिनर अक्षय वखरेने चार जणांना बाद केले. जिंकायला २९ धावा उरल्या. शेवटचे चौकार जाफरने मारले. मुंबईकडून त्याने हा करंडक अनेकदा जिंकला होता. विदर्भाचा पहिला करंडक मिळवून देणारा फटकाही त्याच्याच बॅटीतून निघाला, हे मला बरे वाटले.

इकडे तेव्हा दुपार होती, आणि आम्ही बहिणीला फोन लावत होतो.

आता थोडे वेगळे बोलतो. क्रिकेट आणि आपला समाज म्हटले की मला पळवणकर बाळू आठवतात. चर्मकार समाजातला हा माणूस पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात मैदानाची देखभाल करायला लागला. साहेबांना सराव हवा म्हणून त्यांना गोलंदाजी करू लागला आणि त्यातून भारतातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज झाला. पण चहाच्या वेळी सोबतचे खेळाडू आत कपबशीत चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळाले धाकट्या विठ्ठलला, आणि १९२३ साली विठ्ठलच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्यामुळे आपल्या लोकांत त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. ती निवडणूक आपल्या जागी, पण ११४ बळी त्यांच्या जागी. मी अभ्यासिकेत बाळूंचे नाव घेतो.

बाळू मैदानात शिरले ते गवत कापायच्या कामाच्या दाराने. आज ते दार कोणते? उमेश यादवचे पाहा. नागपूरजवळ खापरखेड्याचा हा मुलगा, वडील कोळसा खाणीत कामगार. पोलीस भरतीच्या तयारीत होता. टेनिस बॉलवर खेळायचा, चामड्याचा चेंडू हाती आला तो विशीच्या आसपास. पण कोणीतरी त्याचा वेग पाहिला, कोणीतरी त्याला जाळ्यात सरावाला उभे केले. २०११ मध्ये तो भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिला. खाणकामगाराचा पोरगा संघात ताशी १४० किलोमीटरने चेंडू टाकतो म्हटल्यावर बाकीच्या पोरांना वाटणारच की आपल्यालाही जमेल. २०१७ चा हंगाम त्या वाटण्यातून उभा राहिला, असे माझे मत आहे. जामठ्याचे मैदान आणि चांगले प्रशिक्षक यांनी हातभार लावला हे खरे, पण नुसत्या मैदानाने संघ होत नाही.

आपल्या वस्तीतली पोरे खेळत नाहीत असे थोडेच आहे? सायन्सकोर मैदानावर रविवारी सकाळी जाऊन पाहा. अकोल्याला कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर पाहा. विटांच्या यष्ट्या, रबरी चेंडू, आणि एखादे पोट्टे असे वेगाने चेंडू टाकते की बघत राहावे. पण तिथून पुढे जायचे तर चामड्याचा चेंडू लागतो, पॅड लागतात, बूट लागतात. चांगल्या एका बॅटच्या पैशात आपल्या घरात महिन्याचा किराणा येतो. निवड चाचणीला नागपूरला जायचे तर गाडीभाडे, आणि सोबत जाणाऱ्या बापाची एक दिवसाची मजुरी बुडते. चाचणी कधी आहे हेच मुळात कळत नाही, कारण ती बातमी आपल्याकडे येणाऱ्या लोकांकडे नसते. आणि घरात एकच प्रश्न, "खेयून पोट भरते काय रे बाबा?"

या प्रश्नाला उत्तर आहे, म्हणून देतो. रणजी सामन्यात प्रत्यक्ष खेळणाऱ्या पुरुष खेळाडूचे मानधन २०२१ पासून दिवसाला ४० ते ६० हजार रुपये आहे, आधी किती सामने खेळला त्यावर. अर्थात तिथपर्यंत फार थोडे पोचतात. त्याच्या खाली १६ वर्षांखालच्यांसाठी विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालच्यांसाठी कूचबिहार करंडक, २३ वर्षांखालच्यांसाठी सी. के. नायडू करंडक अशा पायऱ्या आहेत. म्हणजे पोरगा तेरा-चौदाचा असतानाच चाचणीला न्यायला हवा. अठराव्या वर्षी न्याल तर त्याच्याबरोबरचे तीन पायऱ्या वर गेलेले असतात. शिवाय शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कोणता खेळ आणि कोणत्या पातळीचे प्रमाणपत्र चालते ते आधी पाहून घ्यावे, आणि प्रमाणपत्राची पडताळणी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे विचारून वेळेत करून घ्यावी. शेवटच्या दिवशी धावत येणाऱ्यांचे अर्ज मी पाहिले आहेत.

मुलींच्या आयांनी हे पोरांचे काम म्हणून पान उलटू नये. अमरावतीची भारती फुलमाळी मार्च २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध भारताकडून टी-२० खेळली. विदर्भाची मोना मेश्राम २०१७ च्या महिला विश्वचषकात भारतीय संघात होती, तोच संघ ज्याने लॉर्ड्सवर अंतिम सामना खेळला.

तो पहिला करंडक योगायोग नव्हता, हे नंतर दिसलेच. मार्च २०१८ मध्ये इराणी करंडकात विदर्भाने शेष भारताविरुद्ध ७ बाद ८०० धावांवर डाव सोडला, त्यात जाफरच्या २८६. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून पुन्हा रणजी. त्यात सरवटेने ११ बळी घेतले. २०२४ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून हार झाली. २०२५ मध्ये नागपूरला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक आला. तेव्हा कर्णधार होता वाडकर, इंदूरला शतक मारणारा तोच. आणि गंमत पाहा, ईडन गार्डन्सवर विदर्भाविरुद्ध १५३ करणारा करुण नायर आता विदर्भाच्या टोपीत होता, दुसऱ्या डावात त्याने १३५ केल्या. अकोल्याचा अथर्व तायडे आणि अमरावतीचा जितेश शर्मा यांना तर आता आयपीएलमुळे घरोघरी ओळखतात.

असो. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती मला टाळता आली असती तर बरे झाले असते.

२०१५ च्या सुमारास आमच्या अभ्यासिकेत एक मुलगा येत असे. वडील हमाली करायचे. पोरगा उंच, किडकिडीत, आणि चेंडू असा टाकायचा की वस्तीतली मोठी माणसे त्याच्यासमोर बॅट धरायला कचरत. त्याच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी चाचणीचे सांगितले होते. तो मला विचारायला आला, "सर, जाऊ का?" मी म्हणालो, "आधी बारावीचे पाहा. खेळून आजवर आपल्यातले कोणाचे भले झाले?" माझ्या टेबलावर त्या वेळी कारकून भरतीचे फॉर्म होते, त्यातला एक मी त्याच्या हातात दिला. तो गेला नाही. बारावी झाला, भरतीत नंबर लागला नाही. आज तो अकोल्याच्या एमआयडीसीत डाळ मिलमध्ये काम करतो. तो गेला असता तर निवडला गेलाच असता असे मी म्हणत नाही. पण मी त्याला चाचणीच्या दारापर्यंतही जाऊ दिले नाही, आणि तेही आपल्या माणसाच्या काळजीने.

बंदच्या दुसऱ्या दिवशी, ४ जानेवारी २०१८ ला, तो माझ्याकडे आला. मला वाटले, कोणाच्या जामिनाचे काम असेल. त्याने खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली आणि टेबलावर उलगडली. विदर्भाचा संघ करंडक घेऊन उभा. त्याने मागच्या रांगेतल्या एकावर बोट ठेवले. "सर, हे अकोल्याचं पोट्टं आहे. माह्यापेक्षा वर्षानं लहान."

मला तोपर्यंत विदर्भ जिंकला हेच माहीत नव्हते. मी त्याला बसायला सांगितले आणि दोघांचा चहा मागवला. तो पेपर दोन तारखेचा होता. घडी उलटी केली तर मागच्या बाजूला कोरेगावची बातमी होती.